रेतीबंदर : होड्या, ताडी आणि आपली सोसायटी

स्मरणिका समितीच्या पहिल्याच बैठकीत मी माझ्या लेखाचा विषय सांगितला : रेतीबंदर, तिथल्या होड्या, त्या बांधणारे मेस्त्री आणि तिथली संध्याकाळची ताडी-बिअर. पहिल्या तीन गोष्टींना माना डोलल्या. चौथीला आपल्या खजिनदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका, स्मरणिकेत लहान मुलांच्या कविता आहेत, महिला मंडळाचा लेख आहे. त्यात दारू कशाला?" मी म्हटलं, खाडीचा इतिहास दारू वगळून लिहायचा म्हणजे सोसायटीचा इतिहास मेंटेनन्स वगळून लिहिण्यासारखं आहे. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी 'इतिहास लिहा, गोडवे गाऊ नका' या अटीवर परवानगी मिळाली. अट मी पाळली आहे, असं मला तरी वाटतं.

आपण बहुतेक सगळे इथे बाहेरून आलो. कोणी गिरगावातून, कोणी दादर-परळच्या चाळीतून, कोणी थेट रत्नागिरीहून. डोंबिवली पश्चिमेला स्वस्तात जागा मिळते म्हणून आलो आणि 'खाडीचा वारा' हे बिल्डरच्या जाहिरातीतलं वाक्य ऐकून खूश झालो. वारा खरंच आहे. पण ती खाडी कोणती, ती कुठून येते आणि कुठे जाते, हे पहिली पाच-सहा वर्षं आपल्यापैकी कोणाला विचारावंसंही वाटलं नाही. मलाही नाही.

ही उल्हास नदी. राजमाचीच्या डोंगरात उगम, मग कर्जत, बदलापूर, कल्याण. वाटेत काळू आणि भातसा येऊन मिळतात. कल्याणच्या दुर्गाडीजवळ समुद्राची भरती तिला भेटते आणि नदीची खाडी होते. आपल्या गच्चीवरून दिसते ती ही खाडी. पुढे काशेळी-कळव्याच्या अंगाला तिला दोन वाटा आहेत. एक ठाण्यावरून मुंबई बंदराकडे जाते, ती अरुंद आणि उथळ. दुसरी घोडबंदरवरून वसईला जाऊन समुद्राला मिळते, ती मोठी. म्हणजे आपल्या मागच्या भिंतीला लागून जे पाणी आहे, त्यावरून होडी सोडली तर सरळ अरबी समुद्रात जाता येतं. आणि लोक जात होते.

किती जुन्या काळापासून? कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, सुमारे १८००-१९०० वर्षांपूर्वीचे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत 'कल्लिएना' आहे, आणि तिथे येणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यात भडोचला नेलं जातं अशी तक्रारही आहे. म्हणजे व्यापारात राजकारण तेव्हाही होतं. सहाव्या शतकातला कॉस्मस हा प्रवासी लिहितो की 'कल्लिआना'हून पितळ, लाकडाचे ओंडके आणि कापड बाहेर जातं. लाकूड ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीत लढाऊ गलबतं बांधायला सुरुवात झाली. हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. शाळेत सहसा सांगत नाहीत ती गोष्ट अशी की या कामावर रुय लेइताव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आणि त्याची माणसं होती. १६५९ च्या सुमाराला वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने त्यांना फितवून परत नेलं. आपल्या शेजारी असं आरमार उभं राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. कारागीर गेले तरी आरमार थांबलं नाही, कारण लाकूड इथलं होतं, पाणी इथलं होतं आणि हात इथल्या आगरी-कोळी-भंडाऱ्यांचे होते. नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही नौका दुर्गाडीच्या काठाला आणून ठेवली आहे, ती याच आठवणीसाठी. नातवंडांना घेऊन जरूर जा, फक्त रविवारी संध्याकाळी नको, पार्किंग मिळत नाही.

मग रेल्वे आली. बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ची. खाडीवर पूल होऊन गाडी कल्याणला पोचली १ मे १८५४ ला. एका दिवसात काही बंदर बंद पडत नाही. पण मुंबईला जाणारं भात, गवत, विटा, जळाऊ लाकूड जे पडावांतून जायचं, ते हळूहळू रुळांवर चढलं. होड्यांच्या वाट्याला राहिली ती जड आणि स्वस्त वस्तू, जिला घाई नसते. रेती.

इथून पुढचं मी पुस्तकातून सांगत नाही. मोठागावातल्या एका आजींकडून ऐकलेलं सांगतो. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या सासऱ्यांचं आणि नंतर नवऱ्याचं होड्या बांधण्याचं काम होतं. मी सत्तरीला टेकलेला माणूस, पण त्या मला 'बाला' म्हणतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा वही काढली तर म्हणाल्या, "लिव बाला, पन खोटं लिवू नको. आमचे म्हाताऱ्याला खोटं चालत नव्हतं."

होडी बांधायला नकाशा नसे. मेस्त्री वीत आणि हात यांवर माप धरायचा. आधी तळाचं लांब लाकूड ठेवायचं, मग त्यावर माशाच्या काट्यासारखी वाकडी लाकडं उभी करायची, मग बाहेरून फळ्या. वाकडी लाकडं वाकवून करायची नसतात, तर तशीच वाढलेली बाभळीची फांदी शोधून आणायची असते. आजी सांगतात की सासरे बाजारला निघाले की वाटेतली झाडं बघत चालायचे, कुठल्या झाडात कुठल्या होडीचा वळसा आहे ते. फळ्या सागाच्या, मुरबाड-शहापूरकडच्या. दोन फळ्यांमधल्या फटीत राळ आणि तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा. हे काम बायकापोरं करत. त्या वासाने डोकं चढायचं म्हणे, आणि पावसाळ्याच्या तोंडाला सगळ्या बंदरावर तोच वास.

तयार होडी पाण्यात ढकलायची ती उधाणाच्या दिवशी. नारळ फोडायचा, हळद-कुंकू लावायचं आणि वीस-पंचवीस माणसांनी खांदे लावायचे. वेळ कळायला घड्याळ नको. कोकणातल्या आपल्या सभासदांना हे गणित माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगतो : तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता समुद्रावर पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला. वर आपल्याकडे पाणी चढायला त्याहून उशीर लागतो, तो किती ते प्रत्येक बंदराच्या माणसाला पाठ असतं. मी गेल्या वर्षभर गच्चीवरून ताडून पाहिलं. हवामान खात्यावर रागावलेल्या लोकांनी हा छंद जरूर करावा.

रेती काढायची पद्धत होती 'डुबी'. एक लांब बांबू खाडीच्या तळाला रोवायचा. डुबीवाला बांबूला धरून खाली जायचा, दोन-तीन पुरुष पाण्यात, आणि दोरीला बांधलेली बादली तळाच्या रेतीने भरायचा. वरचा माणूस ती ओढून होडीत रिकामी करायचा. खाली काही दिसत नाही, सगळं हाताने. दिवसभरात किती वेळा, त्याला मोजदाद नाही. मोजदाद होती ती ब्रासची, म्हणजे शंभर घनफुटाची. होडीत किती ब्रास भरलं त्यावर मजुरी. कान फुटायचे, छाती भरायची. आजींचे धाकटे दीर चाळिशीतच ऐकेनासे झाले. सुरुवातीला गावची माणसं बुडी मारत. नंतर गावची माणसं होड्यांची मालक झाली आणि बुडी मारायला परप्रांतातले मजूर आले.

आता तो चौथा विषय. थंडीत चार-पाच तास पाण्यात राहिलेला माणूस वर येऊन काय पितो? चहा पितो, हे खरं. चहानंतर काय पितो, हेही सगळ्यांना माहीत होतं.

खाडीकाठी पूर्वी ताडीची झाडं पुष्कळ होती. भंडारी झाडावर चढायचा, मडकं लावायचा. सूर्य उगवायच्या आत उतरवली तर ती नीरा, गोड आणि निरुपद्रवी. ऊन लागलं की आंबते आणि ताडी होते. लोक ती जेवणासारखी प्यायचे. वसईकडचे ख्रिस्ती लोक पिठाला फुगवायलाही ताडी वापरायचे. इंग्रजांना यात महसूल दिसला. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. झाडागणिक कर वाढला, घरच्या घरी मोहाची गाळणं हा गुन्हा झाला आणि दारू गाळण्याचं काम मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेलं. उरणला पारशी मालकांच्या अशा भट्ट्या होत्या. जंगलातला मोह होडीत बसून उरणला जायचा आणि बाटलीत बसून परत यायचा, ज्याने तो वेचला त्यालाच विकायला. चार्ल्स प्रिचर्ड नावाच्या कमिशनरने ही व्यवस्था बसवली. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने हुशार माणूस. भंडाऱ्याच्या दृष्टीने काय, ते मी लिहायला नको.

स्वातंत्र्यानंतर उलटं टोक. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आणि एप्रिल १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यात पूर्ण बंदी. हेतू चांगला होता यात शंका नाही. माझे वडील त्या बंदीचे कट्टर समर्थक होते आणि मी स्वतः आजवर थेंब घेतलेला नाही, हे खजिनदारांच्या माहितीसाठी. पण बंदीने खाडीचं काय केलं ते बघा. तिवरांच्या जंगलात, जिथे ओहोटीला पोलिसांची होडी रुतते, तिथे भट्ट्या लागल्या. काळा गूळ, नवसागर आणि वर्णन न करण्यासारख्या इतर गोष्टी. तयार माल ट्रकच्या टायरच्या ट्यूबमध्ये भरायचा आणि पाण्यावर सोडून होडीमागे ओढत न्यायचा. लांबून म्हैस पोहत असल्यासारखं दिसायचं. होडी बांधणाऱ्या मेस्त्रीला महिनाभराचं काम जेवढं देत नव्हतं, तेवढं एका रात्रीची खेप द्यायची.

आजींचे थोरले भाऊ या खेपांना जायचे. एका पावसाळ्यात गेले आणि होडी सापडली, ते सापडले नाहीत. हे सांगताना आजी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "ताडी पिऊन कोन मेला नाय बाला. चोरून न्यायची झाली तवा मानसं मेली." हे वाक्य मी लिहू की नको असा विचार दोन आठवडे केला. ताडीने संसार उद्ध्वस्त झालेलेही असतीलच. पण बोललं गेलं ते हे, आणि खोटं लिहायचं नाही असं ठरलेलं.

साठ-सत्तरच्या दशकांत कायदा सैल झाला. परवाने आले. आपल्या स्टेशनरोडला अजूनही पाट्यांवर 'परमिट रूम' असं लिहिलेलं असतं, तो त्या बंदीच्या कायद्याचाच अवशेष. दारू पिणं हा नियम नसून सवलत आहे, असं ती पाटी अजून सांगते आहे आणि कोणी वाचत नाही. ऐंशीच्या दशकात इथे बांधकामं वाढली, रेतीला सोन्याचा भाव आला आणि बंदराच्या रस्त्यावर बार उघडले. थंड बिअर ही आपल्या खाडीला तशी नवीनच गोष्ट. आधी ताडी-मोहाची, मग चोरटी, मग देशी, आणि मग होडीमालकांच्या हातात घामेजलेली हिरवी-तपकिरी बाटली. 'कल्याणी' नावाची बिअर इथे फार खपायची. ती आपल्या कल्याणची, असं अनेकांना अभिमानाने वाटे. ती मुळात बंगालमधल्या कल्याणी गावची. पण हे सांगून बंदरावर कोणाचा आनंद घालवण्याची माझी हिंमत झाली नाही.

१९९९ मध्ये आपलं बांधकाम चालू असताना मी दर रविवारी साइट बघायला यायचो. उन्हं कलली की होड्या एकामागून एक काठाला लागायच्या. फळी टाकून बायका डोक्यावरच्या घमेल्यांतून रेती उतरवायच्या, ट्रक भरायचे. मग बारच्या बाहेरच्या बाकांवर माणसं बसायची, अंगाला रेती तशीच चिकटलेली. बशीत तळलेले निवटे नाहीतर चिंबोरी, आणि बोलणं सगळं पाण्याचं : आज भांगाचं पाणी होतं, चढलंच नाही, उद्यापासून जोर धरेल. आमच्या हिने तेव्हा विचारलं होतं, "इथे राहायला यायचं?" मी म्हटलं, थोड्या वर्षांत हे सगळं जाईल. ते मी दिलासा म्हणून म्हटलं होतं.

पुढे रेती काढायला सक्शन पंप आले. डुबीवाल्याचे कान वाचले आणि काम गेलं. पंपांनी काठ खचायला लागले, तिवरं पडली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने रेती उपशावर बंदी आणली. ते योग्यच झालं, खाडी मरत होती. लाकडी होड्यांची मागणी त्याआधीच संपली होती. आजींच्या अंगणात शेवटची होडी उपडी पडून होती, तिच्या फळ्या एका फार्महाउसवाल्याने टेबलं करायला नेल्या.

या रेतीचा आपल्याशी संबंध इतकाच नाही. दोन वर्षांपूर्वी बी विंगच्या जिन्याचा गिलावा निघाला आणि आतली सळी गंजून फुगलेली दिसली, तेव्हा दुरुस्तीच्या इंजिनिअरने गिलाव्याचा तुकडा हातात चुरून सांगितलं, "खाडीची रेती, नीट धुतलेली नाही. मीठ आहे." बिल्डरने पैसे वाचवले. पंधरा वर्षांवरच्या इमारतींना पाच वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट का सांगितलं आहे, ते त्या दिवशी मला कळलं. ज्या रेतीसाठी आजींचे दीर बहिरे झाले ती आपल्या भिंतींत आहे, आणि सध्या आपण प्रत्येकी जो दुरुस्ती निधी भरतो आहोत तो तिच्यातल्या मिठाचा.

आता जुन्या सभासदांना आठवत असेल तो दिवस. मंगळवार, २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. आपल्याकडे रात्री पाणी शिरलं. वरून नदी, खालून भरती. तळमजल्याची चारही बिऱ्हाडं पहिल्या मजल्यावर, वीज गेलेली, फोन बंद. ए विंगमधल्या एका सूनबाईंना नववा महिना होता. पहाटे पार्किंगमधून आवाज आला. खांबांच्या मधून एक रेतीची होडी आत आली होती. दोन माणसं होती, एकाच्या हातात बांबू, तोच डुबीचा. त्यांनी आधी त्या सूनबाईंना नेलं, मग म्हाताऱ्यांना. नंतर दूध आणून दिलं. दिवसभरात किती खेपा झाल्या ते कोणी लिहून ठेवलं नाही. पैसे पुढे केले तर बांबूवाला म्हणाला, "पानी उतरू दे, मग बघू." पाणी उतरल्यावर आपण बघितलं नाही. त्या बाळाची यंदा बारावी झाली, हे कळवायला आनंद होतो... नाही, चुकलो, ते तर आता इंजिनिअरिंग संपवत आहे. वर्षं मोजण्यात माझी गल्लत होते.

त्या पुरानंतर २००६ च्या सर्वसाधारण सभेत मागची भिंत तीन फुटांनी वाढवायचं आणि कोपऱ्यातलं लहान फाटक बंद करायचं ठरलं. ठराव मांडला होता मी. पाणी येऊ नये, एवढंच डोक्यात होतं. त्या फाटकातून गावातल्या बायका गौरी घेऊन खाडीवर जात, नारळी पौर्णिमेला नारळ घेऊन जात, हे मला दिसत होतं. पण ती आपल्या आवारातून त्यांनी घेतलेली सवलत आहे, असं मी समजत होतो. आता त्यांना मेन रोडने वळसा पडतो.

गेल्या वर्षी डीम्ड कन्व्हेयन्ससाठी जुनी कागदपत्रं गोळा करताना जागेचा जुना नकाशा मिळाला. त्यावर आपल्या प्लॉटच्या कडेने, जिथे आज मीटर रूम आणि ती भिंत आहे, तिथून खाडीपर्यंत वहिवाटीची वाट दाखवलेली आहे. आपली सोसायटी नव्हती, बिल्डर नव्हता, तेव्हापासूनची. मी नकाशाची झेरॉक्स घेऊन आजींकडे गेलो. त्यांना वाचता येत नाही. बोट ठेवून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "ही वाट होय? हितंच तर होरी लोटायचे." मग चहा दिला.

२०२४ मध्ये मोठागाव-माणकोली पूल वाहतुकीला खुला झाला. भिवंडीकडे जायला पलीकडच्या तीरावर उतरवणाऱ्या तरीच्या होडीत आता मोजकीच माणसं बसतात. ज्यांना बसायचं असेल त्यांनी लवकर बसून घ्यावं.

मागचं फाटक पुन्हा उघडायचा ठराव या महिन्याच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक ७ आहे. भिंत तशीच राहील, फाटकाला पुराच्या पाण्यासाठी खाली लोखंडी झडप लावता येते, तिचं कोटेशन मी सेक्रेटरींकडे दिलं आहे. सूचक मीच आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.